जुना मार्का : संगणकाच्या गाभ्यातील एका दोषाची शोधकथा



घरात मराठी, बाजारात तेलुगू आणि कचेरीच्या जुन्या कागदांवर उर्दू, अशा तीन भाषांच्या सावलीत आदिलाबाद जिल्ह्यात वाढलेल्या मुलाला या शाळेने जे दिले, त्याची परतफेड एका व्याख्यानाने होणारी नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. तरीही गुरुजींच्या स्मरणार्थ चालणाऱ्या या मालेतील एक पुष्प गुंफण्यासाठी आपण मला बोलावलेत, याबद्दल मी संस्थेचा मनःपूर्वक ऋणी आहे.

या व्यासपीठावरून आजवर साहित्य, इतिहास आणि समाजकारण यांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. मी संगणकाच्या व्यवसायात आयुष्य घालवलेला माणूस आहे, आणि आज बोलणार आहे तेही एका चुकीविषयी. हा विषय निवडण्याचे कारण गुरुजीच आहेत. सातवीत असताना सरळव्याजाच्या एका गणिताचे माझे उत्तर चुकले. मी पुस्तकाच्या मागच्या पानावर पाहून शेवटचा आकडा तेवढा खोडला आणि बरोबर उत्तर लिहून वही पुढे केली. गुरुजींनी वही पाहिली, माझ्याकडे पाहिले आणि शांतपणे विचारले, "उत्तर बरोबर आलं, पण चूक कुठे गेली?" मला उत्तर देता आले नाही. चूक कुठेच गेली नव्हती, ती वरच्या तीन ओळींत तशीच बसून होती. हा प्रश्न पुढे माझ्या व्यवसायात मला पावलोपावली भेटला. त्याच प्रश्नाची एक मोठी, खरी गोष्ट आज आपल्यापुढे ठेवायची आहे.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. संगणकावर आपण जे कार्यक्रम चालवतो, त्यांपैकी कोणालाही यंत्राच्या स्मृतीला किंवा डिस्कला परस्पर हात लावता येत नाही. त्या सर्वांच्या आणि यंत्राच्या मध्ये एक कारभारी बसलेला असतो. त्याला कर्नेल म्हणतात. मराठीत आपण त्याला गाभा म्हणू. फाइल हवी असेल तर गाभ्याकडे मागायची, लिहायचे असेल तर त्याच्याच हाती द्यायचे. १९९१ साली हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने असा एक गाभा लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी खुला ठेवला. तोच लिनक्स. आज जगातील असंख्य सर्व्हर त्याच्यावर चालतात, आणि आपल्यापैकी बहुतेकांच्या खिशातील अँड्रॉइड फोनच्या आतही तोच आहे.

या कारभाऱ्याचे सर्वांत नाजूक काम म्हणजे अधिकार सांभाळणे. कोणाला फाइल वाचता येईल आणि कोणाला तीत लिहिता येईल, हे तो ठरवतो. हा भेद किती मोलाचा आहे, हे आपल्या जिल्ह्यातील माणसाला वेगळे सांगायला नको. १९५६ साली किनवट आणि राजुरा हे आपले भाग शेजारच्या राज्यात गेले. २०१६ साली उरलेल्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. राज्ये बदलली, कचेऱ्या बदलल्या, कागदांची भाषाही बदलली. पण शेताचा वाद निघाला की १९५४-५५ची खासरा पहाणी शोधायला आजही माणसे धावतात. त्या कागदावर त्यांचा विश्वास का? तो कागद अनेकांना पाहता येतो, पण पाहणाऱ्याला तो बदलता येत नाही, म्हणून. ज्या दिवशी दप्तरात नुसता डोकावणारा माणूस नकळत एखादा आकडा बदलून जाऊ शकेल, त्या दिवशी साऱ्या दप्तराची किंमत रद्दीइतकी होईल.

लिनक्सच्या गाभ्यात नेमके हेच घडत होते.

गोष्ट जर्मनीतील आहे. मॅक्स केलरमान नावाचे एक प्रोग्रामर संकेतस्थळांना जागा पुरवणाऱ्या एका कंपनीत काम करत होते. एप्रिल २०२१मध्ये त्यांच्याकडे एका ग्राहकाची तक्रार आली. संकेतस्थळाला कोणी केव्हा भेट दिली याची रोजची नोंद एका संक्षिप्त केलेल्या फाइलमध्ये ठेवली जाई. ग्राहकाने उतरवून घेतलेली अशी एक फाइल नीट उघडत नव्हती. तपासले तेव्हा आतील मजकूर शाबूत दिसला, फक्त शेवटचा पडताळा जुळत नव्हता. जमाखर्चाच्या पानाखाली आपण बेरीज लिहितो, तशी अशा प्रत्येक फाइलच्या शेवटी आठ बाइटांची एक नोंद असते: चार बाइट पडताळ्याच्या आकड्याचे आणि चार मूळ लांबीचे. तीच बिघडलेली होती. रात्रीचे काम मध्येच बंद पडले असावे असे समजून केलरमान यांनी तो आकडा हाताने दुरुस्त केला, तक्रार निकालात काढली आणि ते ती विसरून गेले.

उत्तर बरोबर झाले होते; चूक मात्र जागच्या जागी होती.

काही महिन्यांनी तशीच दुसरी फाइल सापडली, मग तिसरी. आता केलरमान यांनी सारी डिस्क पालथी घातली. तीन महिन्यांच्या नोंदींत ३७ फाइली बिघडलेल्या निघाल्या. त्यांच्या तारखा मांडून पाहिल्या, तर बिघाड सर्वाधिक होते ते महिन्याच्या अखेरच्या दिवशी. यंत्र झिजल्याने होणारा बिघाड पंचांग पाहून येत नाही. शिवाय प्रत्येक बिघडलेल्या फाइलच्या शेवटी तेच ते आठ बाइट होते, आणि त्यांतील पहिले दोन 'पी' आणि 'के' ही अक्षरे होती. जाणकाराला ही अक्षरे पाहताच ओळख पटते. झिप नावाच्या गठ्ठा-फाइलच्या शेवटी जी अनुक्रमणिका असते, तिच्या नोंदीची सुरुवात या दोन अक्षरांनी होते.

ही अनुक्रमणिका तिथे आली कुठून? त्या कंपनीत एक सेवा होती. ग्राहकाने मागितले की ती महिन्याच्या रोजच्या फाइली एकामागून एक वाचून त्यांचा एक गठ्ठा बांधी आणि सर्वांत शेवटी अनुक्रमणिका जोडून ग्राहकाकडे पाठवी. म्हणजे महिन्याच्या अखेरच्या फाइलनंतर लगेच अनुक्रमणिका येई. अखेरच्या दिवसाचे कोडे येथे सुटले. पण त्यातून दुसरे, अधिक अवघड कोडे उभे राहिले. गठ्ठा बांधणाऱ्या त्या सेवेला या फाइली केवळ वाचण्याचा अधिकार होता. लिहिण्याचा अधिकारच नव्हता. मग तिचे अक्षर त्यांत उमटले कसे?

आमच्या व्यवसायात गाभ्यावर दोष ठेवणे हा अगदी शेवटचा उपाय समजतात. नवशिका प्रोग्रामर आपली चूक सापडली नाही की यंत्राला बोल लावतो, आणि दहांत नऊ वेळा चूक त्याचीच निघते. केलरमान यांनीही आधी आपलेच घर झाडले. बाकीच्या सर्व शक्यता संपल्यावर त्यांनी दोन चिमुकले कार्यक्रम लिहिले, अवघ्या काही ओळींचे. पहिला एका फाइलमध्ये 'ए' हे अक्षर पुन्हा पुन्हा लिही. दुसरा ती फाइल फक्त वाची, आणि मग 'बी' हे अक्षर दुसरीकडेच, एका पाइपमध्ये, लिही. दोन्ही एकदम चालवले, आणि फाइलमध्ये 'बी' उमटले. ज्याला लिहिण्याची परवानगी नव्हती, ज्याने त्या फाइलमध्ये काही लिहिलेच नव्हते, त्याचे अक्षर तिथे होते. आता शंकेला जागा राहिली नाही. दोष गाभ्यातच होता.

विद्यार्थी मित्रांनो, यातील एक गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. हजारो ओळींच्या व्यवहारात क्वचित दिसणारी चूक त्यांनी चार ओळींत, हवी तेव्हा, डोळ्यांसमोर घडवून दाखवली. चूक मुद्दाम पुन्हा घडवता आली की ती अर्धी पकडली गेली असे समजावे.

उरलेली अर्धी कशी पकडली, तेही ऐका. हा दोष गाभ्याच्या ५.१० या आवृत्तीत होता, पण ४.१९ या आवृत्तीत नव्हता. या दोहोंच्या दरम्यान जगभरच्या प्रोग्रामरांनी गाभ्यात १,८५,०११ बदल केले होते. एकेक तपासायचा म्हटला तर जन्म पुरणार नाही. परंतु शब्दकोशात शब्द शोधताना आपण पहिल्या पानापासून सुरुवात करत नाही. मधले पान उघडतो, शब्द पुढे की मागे ते पाहतो, आणि अर्धा कोश बाजूला सारतो. येथेही तसेच. मधला बदल घ्यायचा, तिथपर्यंतचा गाभा तयार करायचा, तोच चार ओळींचा प्रयोग करायचा. दोष दिसला तर तो आधीच्या अर्ध्यात आला. नाही दिसला तर नंतरच्या. पावणेदोन लाखांहून अधिक बदलांतून नेमका बदल सुमारे १७ पायऱ्यांत हाती लागला.

तो २०२० सालचा, ५.८ या आवृत्तीतला बदल होता. तो समजण्यासाठी गाभा फाइल कशी वाचतो हे थोडे पाहावे लागेल.

डिस्क मंद असते आणि स्मृती चपळ. म्हणून गाभा फाइलचा हवा तो भाग सामान्यतः ४,०९६ बाइटांच्या पानांत स्मृतीत आणून ठेवतो, आणि ती फाइल जो जो मागेल त्याला त्याच पानावरून वाचून दाखवतो. दप्तरखान्यातून काढलेले बाड कारकुनाने टेबलावर ठेवावे आणि येईल त्याला तेच दाखवावे, तसे. दुसरी वस्तू म्हणजे पाइप. एका कार्यक्रमाने एका टोकाने मजकूर घालायचा आणि दुसऱ्याने दुसऱ्या टोकाने तो घ्यायचा, अशी ही नळी. तिच्यात गाभा खणांचे एक चक्र ठेवतो, साधारणपणे १६ खणांचे. प्रत्येक खण स्मृतीतील एका पानाकडे बोट दाखवतो, आणि वापरून रिकामा झाला की पुन्हा वापरला जातो. पाइपमध्ये थोडाच मजकूर घातला आणि पान अर्धे रिकामे राहिले, तर पुढचा मजकूर त्याच पानावर लिहिता यावा म्हणून खणावर खूण केली जाते: 'यात भर घालता येईल.' ही खूण सोयीची आहे आणि योग्यही आहे, कारण ते पान पाइपचे स्वतःचे आहे.

परंतु काटकसरीची आणखी एक युक्ती गाभ्यात आहे. फाइलचा मजकूर पाइपमधून पाठवायचा असेल, तर त्याची नक्कल न करता टेबलावरचे तेच पान खणाला जोडून देता येते. अशा खणावर 'भर घालता येईल' ही खूण कदापि असता कामा नये, कारण ते पान पाइपचे नसून फाइलचे आहे. आणि येथेच घात झाला. खण पुन्हा वापरताना गाभा त्यात नवे पान जोडी, पण खणावरची जुनी खूण पुसत नसे. आधीच्या वापरात ती खूण पडलेली असेल, तर ती तशीच राही, आणि पुढे पाइपमध्ये घातलेला मजकूर फाइलच्या पानावर जाऊन बसे. त्या जर्मन कंपनीत फाइलचे अखेरचे आठ बाइट गठ्ठ्यात घेतले जात नसत. म्हणून अनुक्रमणिकेचे पहिले आठ बाइट नेमके त्यांच्या जागी जाऊन पडले.

हे वाचले तेव्हा मला आपला बाजार आठवला. सुट्टीत मी एका अडत्याच्या दुकानी पोती मोजायला बसत असे. बारदान पुन्हा पुन्हा वापरले जाई, आणि त्यावर आधीच्या मालकाचा शाईचा मार्का असे. एकदा तुरीची काही पोती भलत्याच थप्पीला लागली. शेतकरी रडकुंडीला आला. हमालाची चूक नव्हती, त्याने मार्का पाहून पोते टाकले होते. चोरी कोणीच केली नव्हती. दिवाणजींनी निवाडा केला तो एवढाच: पोते जो भरील, त्याने आधी जुना मार्का खोडावा. मागच्याने खोडला असेल, या भरवशावर राहू नये.

गाभ्यातील दोषाचीही दुरुस्ती हीच आहे. ज्या दोन ठिकाणी खणाला नवे पान जोडले जाते, तिथे एकेक ओळ वाढवली गेली: खणावरच्या साऱ्या खुणा शून्य करा. दोन ओळी, बस.

आता यात अपराधी कोण? खूण न पुसण्याची चूक २०१६ साली, ४.९ या आवृत्तीत शिरली होती. परंतु तेव्हा खणावरच्या खुणांना असे काही महत्त्व नव्हते. कोऱ्या बारदानावर मार्का खोडला काय आणि न खोडला काय, सारखेच. पुढे २०२० साली दुसऱ्या एका बदलाने, मांडणी सुटसुटीत करण्यासाठी, 'भर घालता येईल' ही माहिती खणावरच्या खुणेत आणली. तो बदल आपल्या जागी बरोबर होता. चार वर्षे निरुपद्रवी निजलेली एक उणीव आणि नंतरची एक निर्दोष सुधारणा, या दोहोंच्या मिलाफातून हा दोष जन्मला. 'आजवर काही बिघडले नाही' हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे, एवढे तरी यातून शिकावे.

हा दोष केवळ नोंदी बिघडवणारा नव्हता. यंत्रावर साधे खाते असलेला आणि फाइल फक्त वाचू शकणारा कोणीही मुद्दाम हीच युक्ती योजून स्मृतीतील फाइलचा मजकूर बदलू शकत होता. वापरकर्त्यांची यादी असलेली फाइलही त्यातून सुटत नव्हती, आणि ती बदलता आली की साऱ्या यंत्राची मालकी हाती येते. फाइल लांबवता येत नसे, पानाचा पहिला बाइट बदलता येत नसे, अशा काही मर्यादा होत्या. पण दरोड्याला तेवढी फट पुरते. बदल बहुधा स्मृतीतच राही, डिस्कवर उतरेलच असे नसे, म्हणून मागमूसही राहू नये. या दोषाला पुढे 'डर्टी पाइप' असे नाव पडले आणि सीव्हीई-२०२२-०८४७ या क्रमांकाने त्याची नोंद झाली.

केलरमान यांच्या हाती ही किल्ली आली तेव्हाचे त्यांचे वर्तन मला त्यांच्या बुद्धीइतकेच मोलाचे वाटते. १९ फेब्रुवारी २०२२ रोजी दोष गाभ्यात असल्याची खात्री झाली. दुसऱ्याच दिवशी त्यांनी लिनक्सच्या सुरक्षा-मंडळाला तो कळवला आणि सोबत दुरुस्तीही पाठवली. २१ तारखेला एका नव्या अँड्रॉइड फोनवर तोच प्रयोग यशस्वी झाला. तेही त्यांनी संबंधितांना कळवले. २३ तारखेला दुरुस्त आवृत्त्या निघाल्या. लोकांना त्या घेण्यास अवधी मिळावा म्हणून धोक्याचा तपशील थोडे दिवस झाकून ठेवला आणि ७ मार्च रोजी सारी हकिकत जगापुढे मांडली. पहिली तक्रार आपण कशी वरवर मिटवली होती, हेही त्यांनी त्या हकिकतीतून वगळले नाही. पहिल्या तक्रारीपासून कारण सापडेपर्यंत सुमारे दहा महिने लागले होते. तेथून दुरुस्त गाभा लोकांच्या हाती पडायला चार दिवस.

ही कथा मी आपणांस त्रयस्थपणे सांगितली. पण मी तितका त्रयस्थ नाही. अनेक वर्षांपूर्वी, मी नोकरीत असताना, एका छोट्या ग्राहकाच्या हिशेबाच्या फाइलच्या शेवटी निरर्थक अक्षरे आल्याची तक्रार माझ्याकडे आली. मी आदल्या दिवशीची राखीव प्रत बसवली आणि वहीत लिहिले, 'निवारण झाले.' दुसऱ्या वेळीही तेच केले. तिसऱ्या वेळी राखीव प्रतच बिघडलेली होती, आणि त्या माणसाचा एका दिवसाचा हिशेब कायमचा गेला. त्या रात्री मला सातवीतली वही आठवली. मग शोधले. दोष आमच्याच कार्यक्रमात, मीच लिहिलेल्या भागात होता: स्मृतीचा एक तुकडा मी पुन्हा वापरला होता, पण आधी पुसला नव्हता. दुरुस्ती एका ओळीची होती. ग्राहकाला मी तसे स्पष्ट सांगितले. तो रागावला नाही. 'आता कळलं ना कुठं होतं ते?' एवढेच म्हणाला. पण त्याचा तो दिवस मी त्याला परत देऊ शकलो नाही.

गुरुजींची एक सवय येथे बसलेल्या माजी विद्यार्थ्यांना आठवत असेल. तास संपला की ते स्वतः फळा पुसून वर्गाबाहेर पडत. आणि दुसऱ्या वर्गात शिरले की फळा कोरा दिसला तरी त्यावरून एकदा हात फिरवत. आम्ही मुले त्यावर हसत असू. मागच्यासाठी आणि पुढच्यासाठी, अशी दोन्ही कर्तव्ये ते निमूटपणे पार पाडत होते, हे समजायला मला संगणकाचा व्यवसाय करावा लागला.

विद्यार्थी मित्रांनो, लिनक्सच्या गाभ्याची प्रत्येक ओळ आजही खुली आहे. ती वाचायला कोणाची परवानगी लागत नाही. जैनथच्या, बेल्याच्या, तामसीच्या मुलालाही ती वाचता येते, आणि तीत चूक दिसली तर दाखवून देता येते. उद्या तुमच्या जमिनीच्या नोंदी, परीक्षांचे गुण आणि बँकेतील पैसा ज्या यंत्रांवर राहणार, त्यांच्या आत काय चालते हे जाणणारी माणसे या जिल्ह्यातूनही निघाली पाहिजेत. तुमच्या वहीत उत्तर चुकले तर आकडा खोडू नका. वर जा, ओळ ओळ वाचा, आणि चूक कुठे आहे ती बोट ठेवून दाखवा.

गुरुजींच्या स्मृतीस वंदन करून माझे भाषण संपवतो.